साडेअकराशेचा होमस्कूल प्लॅनर आणि ऐंशी रुपयांची लाँगबुक

जूनच्या पहिल्या आठवड्यात होमस्कूलिंगचा, म्हणजे मुलांना घरीच शिकवण्याच्या वेळापत्रकाचा, एक प्लॅनर ऑनलाइन मागवला. किंमत ११५० रुपये, घरपोच फुकट. आता डिसेंबर लागलाय, म्हणजे सहा महिने वापरून (आणि त्यातले निम्मे न वापरून) झालेत. मागवायच्या आधी मराठीत कुणी याबद्दल लिहिलंय का ते शोधलं होतं, फारसं हाती लागलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे त्यांच्याशी झालेल्या ईमेलचा किस्सा येणार आहे आणि मला भांडण उकरून काढायचं नाही. तसेही या जातीचे चार-पाच प्लॅनर मी चाळले, आतून सगळी सख्खी भावंडं आहेत.

आधी घरची परिस्थिती सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही नाशिकला. मी घरूनच सहा-सात दुकानदारांचे हिशेब लिहिते आणि जीएसटीची रिटर्न्स भरते. नवरा अंबडच्या एका कारखान्यात फिटर, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सासूबाई घरात. लेक नऊ वर्षांची. शाळेत असती तर यंदा चौथीत असती. दुसरी संपल्यावर आम्ही दाखला काढला. का काढला ते लिहायला बसले तर प्लॅनर राहील बाजूला.

तिसरीचं वर्ष आम्ही कसंबसं ढकललं होतं. कधी सगळा दिवस गोष्टी वाचण्यात, कधी चार दिवस पुस्तकाला हात नाही. दुसऱ्यांचे हिशेब पैशापर्यंत जुळवणाऱ्या बाईला स्वतःच्या घरचा असा कारभार बघून अपराधी वाटायचं. त्यात जाहिरात समोर आली: हसरी आई, हसरं मूल, टेबलावर उघडा प्लॅनर, खिडकीतून ऊन. मागवला.

वस्तू म्हणून चांगली आहे, हे आधी कबूल करते. ए-फोर आकार, जाड पुठ्ठ्याचं लॅमिनेट केलेलं कव्हर, सोनेरी अक्षरं. कागद १०० जीएसएम. जेल पेन मागे उमटत नाही, स्केचपेन किंचित उमटतं. स्पायरल धातूचं आहे, ते एकदा पिशवीत दाबलं गेलं की वाकतं आणि मग पान उलटताना दर वेळी कोपऱ्यावर अडतं. माझं पंधरा दिवसांत वाकलं. पक्कड घेऊन नवऱ्याने सरळ केलं, पण पहिल्यासारखं नाही झालं.

आत तारखा छापलेल्या नाहीत, कधीही सुरू करता येतं. ५२ आठवडे, प्रत्येकाला समोरासमोरची दोन पानं. सोमवार ते शुक्रवार रोज आठ चौकोन, प्रत्येक चौकोन अर्ध्या तासाचा, सकाळी नऊ ते दुपारी एक. शनिवारी ‘फन डे’ नावाचा मोठा ढग. खाली पाण्याचे आठ ग्लास रंगवायला आणि आज कशाबद्दल कृतज्ञ वाटलं ते लिहायला एक ओळ. (पहिल्या दिवशी लेकीने तिथे ‘पुरणपोळी’ लिहिलं. त्या दिवशी पुरणपोळी नव्हती. आशा म्हणून लिहिलं म्हणाली.) शेवटी विषयवार नोंदीची बारा पानं. ती बारा पानं लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचंय.

सोबत २४० स्टिकर, आठ प्रकारचे तीस-तीस: फोनिक्स, मॅथ्स, सायन्स, सोशल, आर्ट, योगा, कोडिंग आणि ‘सेकंड लँग्वेज’. मराठीचं स्टिकर नाही. मराठीतून शिकणाऱ्या मुलीने मराठीच्या चौकोनावर ‘सेकंड लँग्वेज’ चिकटवायचं. लेकीने विचारलं, “आपली फर्स्ट कुठली मग?” मी म्हटलं, पेनाने लिही. बाकीचे स्टिकर हळूहळू फ्रिजवर गेले. आमच्या फ्रिजच्या दारावर आजही ‘कोडिंग’ लिहिलेलं आहे.

कव्हरच्या आतल्या बाजूला एक क्यूआर कोड. तो स्कॅन केला की नमुना वेळापत्रकाचा व्हिडिओ उघडतो. त्यात नऊ ते साडेनऊ ‘सर्कल टाइम’. एका मुलीचं वर्तुळ कसं करायचं, हा प्रश्न सासूबाईंनी विचारला आणि मला उत्तर सुचलं नाही.

१६ जूनच्या सोमवारी सुरुवात केली. रविवारी रात्री बसून आठवड्याचे चाळीसच्या चाळीस चौकोन भरले. खरं सांगते, फार बरं वाटलं. रंगीत पान बघून वर्षाचं शिक्षणच उरकल्यासारखं वाटतं. माझ्या मते हा प्लॅनर विकला जातो तो या रविवार रात्रीच्या सुखासाठी.

सोमवारी सकाळी नऊला मराठी. नऊ वाजून दहा मिनिटांनी गॅसवाला आला. सिलिंडर वजन करून घेईपर्यंत साडेनऊ. साडेनऊला गणित, तर मराठीचा धडा अर्धा राहिलेला आणि बाईसाहेब त्यात रंगलेल्या. मी घड्याळाकडे बघून पुस्तक मिटायला लावलं. रुसवा. गणित रुसव्यात गेलं. दहाला सायन्स, तेवढ्यात एका दुकानदाराचा फोन, ई-वे बिल (माल वाहून न्यायचा जीएसटीचा कागद) अडकलंय. हे एका दिवसाचं. शुक्रवारी २० तारीख होती, म्हणजे थ्री-बी हे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न भरायची शेवटची तारीख. त्या दिवशी माझ्या घरात शिक्षण नावाची गोष्ट होत नसते, पण प्लॅनरमध्ये आठ चौकोन रंगून बसलेले. आठवडा संपला तेव्हा चाळीसपैकी सतरा झाले होते. उरलेल्या तेवीस चौकोनांतून मी पुढच्या आठवड्यात बाण काढले.

पुढच्या आठवड्यात त्याचे स्वतःचे चाळीस होतेच. वर हे तेवीस. चौथ्या आठवड्यात पान बघवेना, बाणांवर बाण, जणू कुरुक्षेत्र. आणि विचित्र म्हणजे मुलगी रोज काही ना काही शिकत होती. पान मात्र सांगत होतं की सगळं थकलंय.

मग एका रात्री शांतपणे आकडे मांडले. तेच येतं मला. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या शाळांसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं धरलंय (सहावी ते आठवीला २२० दिवस, १००० तास). ८०० भागिले २००, रोजचे चार तास. प्लॅनरचे आठ अर्धे तासही चारच. म्हणजे प्लॅनरवाल्यांनी शाळेचा दिवस उचलून घरात ठेवला होता. पण शाळेच्या चार तासांत हजेरी असते, गप्प बसा असतं, वह्या गोळा करणं असतं, चाळीस मुलांतल्या पस्तिसाव्याला कळेपर्यंत उरलेल्यांनी थांबणं असतं. घरात एक मूल आणि एक आई. तिला कळलं की लगेच पुढे जाता येतं, नाही कळलं तर तेही लगेच दिसतं.

दुसरा हिशेब पुस्तकांचा. चौथीला बालभारतीची पुस्तकं आहेत किती? मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यासाचा भाग १ आणि भाग २, म्हणजे ते शिवछत्रपतींच्या इतिहासाचं. पाच. पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. गणिताच्या पुस्तकाची पानं २०० दिवसांनी भागली तर रोज पुरतं एक पानही येत नाही. आणि मी रोज आठ चौकोन भरत होते. का, तर चौकोन आठ होते म्हणून. रिकामा रकाना दिसला की भरावासा वाटतो, हा माझ्या धंद्याचाच रोग आहे.

प्लॅनरमधल्या अर्ध्या तासात काय मावत नाही त्याचं एक उदाहरण देते. भागाकार चालू होता. ६१२ भागिले ६. लेकीने उत्तर लिहिलं १२. सहा एके सहा, बारात दोनदा, झालं. मी म्हटलं, शंभर जणांना वाटलेले पेढे आणि बारा जणांना वाटलेले पेढे सारखेच का गं? काही उपयोग नाही, उदाहरणच चुकीचं होतं माझं. मग कपाटातून पैसे काढले: शंभराच्या सहा नोटा, दहाची एक, रुपयाची दोन नाणी. वाटेकरी सहा: आजी, बाबा, मी, ती, कामाला येणाऱ्या मावशी आणि जिन्याखालची मांजर. शंभराची एकेक नोट सगळ्यांना गेली. हातात दहाची एक नोट. तिने आजीकडे बघितलं, मांजरीच्या रिकाम्या ताटलीकडे बघितलं. “ही कुणालाच देता येत नाही.” मग आजीच्या बटव्यातून नोट मोडून आणली, दहा नाणी आणि आधीची दोन, प्रत्येकाला दोन. मी विचारलं, दहाची नोट किती जणांना मिळाली? कुणालाच नाही. मग दशकाच्या घरात काय लिहायचं? बराच वेळ गप्प. मग वहीत १ आणि २ च्या मध्ये एक शून्य कोंबलं, इतकं छोटं की भिंगातून बघावं, आणि ओरडली, “मांजरीला एकशे दोन रुपये!”

याला पन्नास मिनिटं लागली. प्लॅनरच्या हिशेबाने मी वीस मिनिटं उशिरा होते आणि इंग्रजी बुडालं. गणिताच्या चौकोनात काय लिहिलं? बरोबरची खूण. भागाकारातलं शून्य त्या खुणेत कुठेच नाही. दोन महिन्यांनी तीच चूक परत झाली असती तर ही आधीही झाली होती का, कशी सुटली होती, हे मला त्या पानावरून कळलं नसतं.

असंच पुराचं. जुलैत गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदावरीला पूर आला. नाशिककरांना सांगायला नको, पूर आला की सगळ्या गावाचं लक्ष गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर गावाचं मोजमाप चालतं. प्लॅनरवर त्या दिवशी होतं ‘सायन्स: वनस्पतीचे अवयव’. लेक विचारत होती क्युसेक म्हणजे काय. एक घनफूट पाणी एका सेकंदात, म्हणजे साधारण २८ लिटर. आमच्या बाथरूममधली बादली पंधरा लिटरची. म्हणजे एक क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन बादल्या. मग रेडिओवर विसर्गाचा आकडा आला की ही त्याची दुप्पट करून सासूबाईंना सांगायची, “आजी, एवढ्या बादल्या, एका सेकंदात!” आजींना क्युसेक कधी कळलं नव्हतं, त्यांनाही त्या दिवशी कळलं. वनस्पतीच्या अवयवांचा बाण पुढच्या आठवड्यात गेला, आणि तो बाण काढताना मी स्वतःवर चिडले. असा दिवस चांगला गेला असताना चिडायचं काय कारण? तिथे मला कळलं की माझं काहीतरी बिनसलंय ते मुलीत नाही, या वहीत आहे.

आमच्या धंद्यातलंच सांगते. रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, व्यवहार झाल्याशिवाय काही लिहीत नाहीत. उद्या गिऱ्हाईक येईल म्हणून आज जमा धरली तर मालक हाकलून देईल. काय विकायचंय, किती यायला हवं, ते अंदाजपत्रक; ते वर्षातून एकदा होतं आणि ढोबळ असतं. हा प्लॅनर म्हणजे अर्ध्या-अर्ध्या तासाचं अंदाजपत्रक आहे, आणि त्यातच रोजमेळही लिहा म्हणतो. त्यामुळे जे झालं नाही ते मोठ्ठं दिसतं आणि जे झालं ते लिहायला जागाच नाही.

सप्टेंबरमध्ये मेन रोडवरच्या नेहमीच्या दुकानातून दोनशे पानी लाँगबुक आणली. ऐंशी रुपये. तारीख, वार, आणि संध्याकाळी पाच मिनिटं. ऑक्टोबरमधलं एक पान जसंच्या तसं देते:

“ता. १४, मंगळवार. गणित: भागाकार ८ केले, ७ बरोबर. ८०४ भागिले ४ मध्ये शून्य स्वतःहून लिहिलं. मराठी: नऊ पानं मोठ्याने, ‘उद्विग्न’ अडलं. लेखन: मामाला पत्र, ११ ओळी, र्‍हस्व-दीर्घ सोडून छान. रहाट: शिवछत्रपती, अफझलखान वध, आजीने परत सांगितला (पुस्तकापेक्षा रक्त जास्त). भाजणीला धान्य मोजून दिलं, वाट्या-अर्ध्या वाट्यांची बेरीज तोंडी. बाबा सेकंड शिफ्ट, सकाळी व्हर्नियर दाखवला. एकूण पावणेदोन तास, भाजणी सोडून.”

यातला व्हर्नियर म्हणजे बारीक मापं घ्यायचं बाबांचं साधन, आणि ‘रहाट’ आहे तो आमचा शोध. म्हणजे जगात आधीही कुणी लावला असेल, पण आमच्या घरात लेकीने नाव दिलं. रोज करायच्या गोष्टी दोनच ठेवल्या, गणित आणि मराठी वाचन-लेखन. त्यांना वाराची गरज नाही, त्या जेवणासारख्या रोजच. बाकीचं सगळं रहाटावर. साडीच्या खोक्याचं पुठ्ठं उभं कापलं, त्यावर वरून खाली लिहिलं: इंग्रजी, परिसर, इंग्रजी, शिवछत्रपती, इंग्रजी, चित्र, प्रयोग. इंग्रजी तीनदा, कारण तिचं तेच कच्चं आहे आणि माझंही. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा पुठ्ठ्याच्या कडेला. चिमटा जिथे, तो आजचा विषय. झाला की चिमटा खालच्यावर. नाही झाला तर चिमटा जागेवर. दिवस चांगला असेल तर दोन घरं खाली. तळाला पोचला की परत वर.

यात सोमवारचं विज्ञान नावाची गोष्टच नाही, त्यामुळे सोमवारचं विज्ञान थकत नाही. ११ तारखेला माझं जीएसटीआर-वन (विक्रीचं रिटर्न), २० ला थ्री-बी. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी चिमटा हलत नाही, लेक पुस्तक घेऊन आजीच्या खोलीत. तिथे पावकी-निमकी-दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे, चालतात. सासूबाईंना सगळी पाठ. एक दिवस सव्वा पाव किलोचा भाव पोरीने भाजीवाल्याच्या आधी सांगितला, तो म्हणाला, “ताई, हिला दुकानावर बसवा.”

आणि वेळ मोजायला कुकर. सकाळी वरण-भाताचा कुकर चढवला की गणिताची वही उघडायची, कुकर पडला की मिटायची. साधारण पंचवीस-तीस मिनिटं होतात. रंगलं तर कुकर पडला तरी चालू राहतं, मग त्या दिवशी पोळ्या उशिरा. घड्याळाशी मुलगी भांडायची, कुकरशी भांडत नाही. का ते मला विचारू नका.

बुधवारी पुस्तक बंद. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार. तिच्या हातात दोनशे रुपये आणि यादी. घरी आल्यावर जमा-नावे तिनेच लिहायचं आणि शिल्लक जुळली पाहिजे. एकदा सात रुपये जुळेनात, तासभर शोधलं. शेवटी कळलं की पाच रुपयांचा कोथिंबिरीचा आणि दोन रुपयांचा कढीपत्त्याचा खर्च लिहायचा राहिला. तासभर कुणी मूल वजाबाकीला बसेल? ही बसली, कारण पैसे खरे होते.

या सगळ्यावर एका ताईंनी मला सांगितलं, “म्हणजे तुमचं काहीच ठरलेलं नसतं.” तसं नाही. क्रम पक्का ठरलेला आहे, वेळ नाही. आणि हे काही आपण नव्याने करतोय अशातलाही भाग नाही. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. गुरं चारायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. गुरांच्या वेळेशी त्यांना जमवता आलं, तर मला अंबडच्या शिफ्टशी जमवता यायला काय हरकत आहे. फर्स्ट शिफ्टचा आठवडा असला की बाबा चार वाजता घरात, मग प्रयोग संध्याकाळी. सेकंड असली की सकाळी. नाइट असली की सकाळी घरात कुजबुजत वाचायचं, तेही तिला आवडतं.

आता ती शेवटची बारा पानं. प्लॅनरमधलं हेच मला खरोखर उपयोगी पडलं, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नाही. विषयाला एक-दोन पानं, तारीख आणि काय झालं एवढेच रकाने. म्हणजे खतावणी, खात्यांची वही! रोजमेळातून महिनाअखेरीला विषयवार उतरवायचं. सप्टेंबरअखेर मी बसून ऑगस्टपासूनचं उतरवलं (ऑगस्टचं आठवून आणि तिच्या वह्या बघून) तेव्हा दिसलं की अख्ख्या ऑगस्टमध्ये इंग्रजीच्या नोंदी तीन. तीन! रोज वाटत होतं की करतोय. इंग्रजी पुठ्ठ्यावर तीनदा आलं ते त्या पानामुळे. चित्राच्या पानाला जागा पुरली नाही, जादा पान चिकटवावं लागलं. म्हणजे पोरीचा कल कुठे आहे आणि आईचं टाळणं कुठे आहे, दोन्ही एकाच तेरजेत, म्हणजे गोळाबेरजेत. एवढ्यासाठी ११५० द्यायचे का, तर नाही. लाँगबुकच्या मागची बारा पानं दुमडून ठेवली की झालं. पण कल्पना त्यांची, श्रेय त्यांना.

नोंदी ठेवल्या नाहीत तर पुढे परीक्षेला अडेल, अशी भीती जाहिरातीत सूचकपणे घातलेली असते. माझ्यापुरतं मी बघितलं. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी, आठवी, दहावीच्या पातळीची सोय आहे. एनआयओएस या केंद्राच्या मुक्त विद्यालय संस्थेत तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या ए, बी, सी पातळ्या आहेत. आणि दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म तर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या माहीत आहे. यातल्या कशालाही रंगवलेला प्लॅनर जोडायचा नसतो. नोंदी ठेवायच्या त्या आपल्यासाठी.

ईमेलचा किस्सा राहिला. सप्टेंबरमध्ये पानं चाळताना दिसलं की सतरावा आठवडा दोनदा छापलाय आणि अठरावा नाहीच. सतरा, सतरा, एकोणीस. वस्तू परत करायची मुदत दहा दिवसांची, ती जूनमध्येच संपलेली. तरी लिहिलं, फोटो पाठवले. मला पैसे नको होते, फक्त छपाईची चूक आहे एवढं कबूल करावं. चार दिवसांनी उत्तर आलं की आमच्या प्लॅनरवर तारखा नसल्याने कोणतंही पान कोणत्याही आठवड्याला वापरता येईल, आणि आपला दिवस आनंदात जावो. तर्क बिनतोड आहे. मग आकडे तरी छापता कशाला, असं मी लिहिलं, त्यावर उत्तर नाही. हिशेबात एक व्हाउचर दोनदा आणि एक गहाळ असतं तर मला रात्री झोप आली नसती, पण असो.

कुणी घ्यावा? घरात दोन-तीन मुलं असतील, त्यातल्या कुणाचे ऑनलाइन क्लास ठरलेल्या वेळी असतील, तबला-पोहणं असं बाहेरचं बरंच असेल, तर कोण केव्हा कुठे हे बघायला समोरासमोरची दोन पानं उपयोगी आहेत. अशा घरी माझी मावसबहीण आहे ठाण्याला, तिला मी स्वतःहून सांगितलं घे म्हणून. एकच मूल आणि आईचं काम घरून, बाबांची शिफ्ट फिरती, अशा घरात नका घेऊ. घ्यायचाच असेल तर आठपैकी पाच चौकोन पहिल्याच दिवशी काट मारून बंद करा, आणि शुक्रवार पूर्ण कोरा सोडा. पाचात दोन गुण देते मी, त्यातला एक कागदाला आणि एक त्या बारा पानांना.

माझ्या प्लॅनरचे चाळीसएक आठवडे कोरे पडून आहेत, ‘सेकंड लँग्वेज’चे स्टिकर तीसच्या तीस शिल्लक. कुणाला हवा असेल तर कुरियरचा खर्च देऊन घेऊन जा. स्पायरल थोडं वाकलेलं आहे आणि अठरावा आठवडा नाही, हे आधीच सांगून ठेवते.